टोपी न घालणारे सर

"सर, टोपी घाला ना. तुमचं सांगणं डोक्यावरून जातं," मिताली वैतागून म्हणाली.

दोन्हीकडे तेच नाव टाइप केलं तरी ती दोन नावं सारखी नाहीत असं जावा ही प्रोग्रामिंगची भाषा का म्हणते, हे शशांक तिला चौथ्यांदा सांगत होता. क्लासचे बाकीचे शिक्षक टोपी घालत. ती घातली की तासाभरापुरती जावा डोक्यातून जाई आणि नवख्याची अडचण नवख्यासारखीच दिसे.

काल त्यानेही घातली होती. पण जावा त्याला त्याच्या बायकोने, हेमांगीने शिकवली होती, लग्नाआधी, कॉलेजच्या लॅबमध्ये. जावाबरोबर लॅबमधल्या त्या दुपारीही गेल्या. हेमांगीला जाऊन चार महिने झाले होते, आणि आपली ओळख कुठे झाली हेच त्याला तासभर आठवेना.

"नाही घालणार!" तो खेकसला.

"मग तुम्हाला ज्यांनी शिकवलं त्यांच्यासारखं तरी सांगा."

 त्याने टेबलावरचे चहाचे दोन पेले शेजारी-शेजारी ठेवले.

"माझी बायको सांगायची. चहा सारखाच, पेले दोन. तू दोन बरोबरची चिन्हं टाकून पेला एकच आहे का विचारतेस. चहाचं विचारायला इक्वल्स ही आज्ञा वापर."

"अय्या, एवढंच? तुम्हाला लगेच कळलं असेल."

"सहाव्यांदा," तो म्हणाला. "तोवर तिनं डस्टर फेकून मारलं होतं."