सातच्या आत

"इंग्रजीतला कर्फ्यू हा शब्द मूळचा फ्रेंच. अर्थ, आग झाका," मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर करंबेळकरबाईंनी कौतुकाने सांगितलं. त्या इंग्रजी शिकवत. "संध्याकाळी घंटा झाली की चुली झाकायच्या, म्हणजे गाव जळायचं नाही. तसंच आपलं गेट सातला बंद."

"पण बाई, इथे आग कुठे लागलीय?" शाल्मलीने विचारलं. तिला लायब्ररीत बसायचं होतं.

"ती मुलं नाही का मोटारसायकली उडवत फिरत!"

"मग झाकायचं त्यांना की आम्हाला?"

बाईंच्याच आग्रहाने सोमवारपासून मुलांचंही वसतिगृह सातला बंद होऊ लागलं. मुलांनी घोषणा दिल्या, दोन कुंड्या फोडल्या. संस्थेचे अध्यक्ष हळहळले, "तरुण रक्त आहे, कोंडलं तर भडकणारच," आणि त्यांनी मुलांचं गेट उघडायला लावलं. मुली समंजस, म्हणून त्यांचं बंदच राहिलं.

त्या संध्याकाळी साऱ्या मुली गेटबाहेर बसून राहिल्या. बाई किल्ली घेऊन आल्या. त्यांनी बाहेरूनच कुलूप लावलं, पदर खोचला आणि शाल्मलीला म्हणाल्या, "सरक थोडी."