पायाखालची वीट

सगळे माना वर करून कमानी बघत होते आणि दौलूआप्पा गुडघ्यांवर हात टेकून खालची जमीन न्याहाळत होते. रोममध्ये आल्यापासून पहिल्यांदाच त्यांना कुणीतरी ओळखीचं भेटलं होतं. वीट.

"आप्पा, चला ना! हे मुलांना घेऊन कधीच पुढं गेले," लेक कांचन वैतागून म्हणाली.

"इकडं ये. हे बघ."

दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या रुंद विटेवर लहान मुलाचं पाऊल उमटलं होतं, पाचही बोटांसकट. विटा ओल्या असताना पोर वरून पळालं असणार. वीटभट्टीवर हयात गेलेल्या माणसाला ते कुणी सांगावं लागत नाही.

कृष्णाकाठच्या त्यांच्या भट्टीवरही चार वर्षांची एक पोर अशीच पळाली होती. सकाळपासून थापलेली अख्खी ओळ तिनं तुडवली, म्हणून आप्पांनी तिच्या पाठीत धपाटा घातला आणि त्या विटा मोडून पुन्हा चिखलात कालवल्या. इथल्या भट्टीवाल्यानं तर ती वीट तशीच भाजली होती.

"फोटो काढू तुमचा इथं?" कांचनचा आवाज जरा निवळला.

"माझा नको. ह्याचा काढ." आप्पा खालीच बसले. त्या इवल्या पावलावर त्यांनी हलकेच तळहात ठेवला. "मी मोडलं गं."

"काय मोडलं, आप्पा?"

"तुझं पाऊल."