तिसरी गोणी

दोन गोण्या टेम्पोत चढल्या होत्या. हमालाने तिसरीला हात घातला, तेव्हा गोजरबाई ओट्यावर कमरेवर हात ठेवून उभी होती. बोलत होती ती नगरच्या वैद्यबुवांशी, पण आवाज लावला होता समोरच्या ओट्यावर शेंगा फोडत बसलेल्या थोरल्या जावेसाठी.

"बघून घ्या, बुवा. याच पुडीला आमच्या लंकाबाई उकिरडा म्हनायच्या."

लंकाबाईने मान वर केली नाही. शेंगा मात्र जरा जास्तच जोराने फुटू लागल्या.

द्राक्षांचे घड निवडताना काढलेले फुटके मणी आणि छाटणीचा पाला देवळालीत सगळ्यांच्याच बागेतून उकिरड्यावर जायचा. गोजरबाईने तो घरी आणला. मणी बियांसकट उन्हात खडखडीत वाळवले, पाला सावलीत सुकवला, जात्यावर पूड केली आणि सुनेच्या बाळंतपणात लाडवांत घातली. सव्वा महिना सरला तशी सून डोईवर दोन घागरी घेऊन आडावरून ताठ चालत आली. ते साऱ्या आळीने पाहिलं. हसायचं मात्र कुणी सोडलं नाही. "गोजरीनं उकिरडा दळायला काढलाय," ही लंकाबाईचीच भर.

आता एकाहत्तर सालची दिवाळी नुकती सरली होती आणि दारात टेम्पो उभा होता. वैद्यबुवा या पुडीचं बाळंतिणींसाठी शक्तीचं चूर्ण करणार होते. पत्र्याच्या डब्यात भरणार होते आणि डब्यावर छापणार होते गोजरबाईचं नाव. गोजरबाईने जन्मात पाटी धरली नव्हती. पण आपलं नाव नगरच्या दुकानात फळीवर मांडलेलं असेल, या विचाराने तिला दोन रात्री झोप नव्हती. तिन्ही गोण्या भरल्या, तरच या हंगामात डबे निघणार होते.

वैद्यबुवांनी पहिल्या गोणीतली चिमूट तळहातावर घेतली, पसरली, जिभेवर ठेवली.

"काडी नाही, खडा नाही. या वयात काय नजर आहे, बाई, तुमची."

"नजरंचं काय घेऊन बसलात? सुईत दोरा अजून मीच ओवते."

हे खोटं होतं. सुईचं भोक तिला दिसेनासं होऊन दोन सालं झाली होती. पण दोरा ओवलेल्या सुया तिच्या डबीत कायम असायच्या. त्या कुठून येतात, हे तिने कधी विचारलं नव्हतं. आपल्याला दिसत नाही हे दुसऱ्याला कळण्यापेक्षा फाटकं लुगडं नेसलेलं बरं, अशी तिची जात.

"आत्याबाई, ती गोनी नका देऊ."

दारातून आवाज आला तो सुनेचा, मनकर्णाचा. हमाल होता तसाच थांबला. लग्न होऊन आल्यापासून मनकर्णाने सासूपुढे चार शब्द सलग जोडले नव्हते. गोजरबाई तिला येताजाता 'आमची मुकी देवी' म्हणायची. या घरात सासूचं खोडायचं नाही, हे मुलं रांगायच्या आधी शिकत.

"काय म्हनलीस?"

"मी दिवाळीला माहेरी गेल्ते, तवा भरलीया ती. टोपलीच्या बुडाला राहिलेला पाला आत्ता बघितला. निळा हाय. मोरचूद हाय त्याच्यावर."

वेलीवर रोग पडू नये म्हणून मोरचूद-चुन्याचा फवारा मारतात. तो पानावर निळसर डाग धरून बसतो. पोटात गेला तर धडधाकट गडी आडवा होतो, मग ओल्या बाळंतिणीचं काय? तिसऱ्या गोणीचा पाला गोजरबाईने एकटीने, चांगल्या उजेडात बसून, पान न् पान उचलून निवडला होता. तिला एकही निळा डाग दिसला नव्हता.

ती हळूच म्हणाली, "आन् ह्या दोन गोन्या?"

"त्या चांगल्या हायती. तुमी निवडून देवळात गेलात, की मी पुन्यांदा निवडायची."

"रोज?"

मनकर्णाने नुसती मान डोलावली.

समोरच्या ओट्यावर शेंगा फुटायच्या थांबल्या. "अगं बया," लंकाबाई गोड आवाजात म्हणाली, "मुक्या देवीला वाचा फुटली की गं, गोजरे."

गोजरबाईने तिकडे पाहिलं नाही. ओटा उतरली. हमालाच्या हातातून गोणी ओढून घेतली आणि स्वतः फरफटत परसात नेली. "खोल खड्डा घे, बाबा," ती हमालाला म्हणाली. "उकिरड्यावर नगं. शेरडानं तोंड लावलं तर पाप आपल्या माथी."

खड्डा बुजेपर्यंत ती तिथेच उभी राहिली.

परत आली तेव्हा वैद्यबुवा टेम्पोजवळ घुटमळत होते. "बाई, या हंगामात काही डबे निघत नाहीत. पण या दोन गोण्या मी नेतो आणि पुढच्या सालचा सगळा माल माझा. छाप आत्ताच करायला टाकतो. नाव तुमचंच ना?"

गोजरबाईने दाराकडे पाहिलं. चौकटीत एक हिरवं लुगडं तेवढं पुसट दिसत होतं. तोंड दिसत नव्हतं. तिने पदर खोचला आणि पुन्हा लंकाबाईच्या ओट्यापर्यंत नीट पोचेल असा आवाज लावला.

"मनकर्णाचं घाला, बुवा. माझ्या सुईत दोरासुदिक तीच ओवती."