प्रयोग बारावा

"पद्धतीत काहीच खोट नाही," सर परीक्षक बाईंना म्हणाले. "माझीच पद्धत, छापून आलेली. ब्याऐंशी टक्के माल हाती येतो. या मॅडमना अकरा वेळा करून तिसाच्या पुढे सरकता आलं नाही. हातच तसे, त्याला कोण काय करणार?"

लॅबमधली मुलं हसली. ती हसली नाही. पदवीच्या शेवटच्या वर्षाचा तिचा प्रबंध टेबलावर उघडा होता आणि दुसऱ्या कॉलेजातून आलेल्या बाई त्यातला तक्ता वाचत होत्या. अकरा ओळी, अकरा तारखा.

"सर," ती म्हणाली, "मग तुमच्या हातांनी एकदा करून दाखवा ना. आत्ता दहाच वाजलेत. बाई पाचपर्यंत आहेत."

हसणं थांबलं. बाईंनी चष्मा वर सरकवला. "चालेल की. मलाही बघायचंय."

आता नाही म्हणायची सोय नव्हती.

या दिवसाची ती तीन वर्षं वाट बघत होती. गाईड म्हणून कुणालाच नको असलेले हे सर तिने मागून घेतले होते आणि संयुगही हेच मागितलं होतं. त्या सकाळी लवकर येऊन तिने बर्फ फोडून ठेवला, काचेची भांडी दोनदा धुऊन वाळवली, लॅबवाल्या काकांच्या मागे लागून रसायनांच्या सीलबंद बाटल्या काढून घेतल्या. सरांना बोट ठेवायला कुठेच जागा राहू नये, एवढीच तिची काळजी.

काकांनी दारामागचा एप्रन झटकून सरांच्या हातात दिला.

सरांनी स्वतःच सील फोडलं, स्वतःच वजनं केली. हात चांगले होते त्यांचे. थेंबामागून थेंब, मोजून मापून, पारा एका अंशानेही वर चढू न देता. ती शेजारी उभी राहून तापमान लिहीत होती. अर्ध्या तासाने तिला पहिल्यांदाच भीती वाटली. खरंच ब्याऐंशी आले तर? मग चूक दादाचीच होती असं होईल. पण तिने एकही आकडा चुकीचा लिहिला नाही.

दुपारी पिवळे स्फटिक खाली बसले. सरांनी ते गाळले, गरम अल्कोहोलमध्ये विरघळवून पुन्हा शुद्ध केले, ओव्हनमध्ये वाळवले. चारला वजनकाट्यावर ठेवले. आकडे थोडा वेळ खालीवर झाले आणि थांबले. बाईंनी कागदावर भागाकार केला.

"एकोणतीस."

"नीट वाळलं नसेल," सर म्हणाले.

"वाळल्यावर आणखी कमी भरेल," बाई म्हणाल्या.

मागे कुणीतरी फिसकन हसलं. तिने वळून पाहिलं नाही. अकराव्या ओळीखाली तिने सावकाश लिहिलं: बारा. प्रयोग करणारे, मार्गदर्शक. एकोणतीस टक्के. मग पेन बाईंच्या पुढे धरलं. बाईंनी शेजारी सही केली.

बाई गेल्या, मुलंही पांगली. सर एप्रनची बटणं काढत उभे होते.

"ती ओळ काढून टाक," ते हळू आवाजात म्हणाले. "पहिला वर्ग मिळेल, मी बघतो."

"माझ्या दादाला काढलंत तितक्या सहज नाही निघणार ती, सर."

"कोण दादा?"

हेच तर तिला हवं होतं. "चार वर्षांपूर्वी. हेच संयुग, हेच टेबल. टक्के कमी आले म्हणून सगळ्यांसमोर त्याचा फ्लास्क बेसिनमध्ये ओतलात. तोंडीला बसू दिलं नाहीत. त्यानंतर तो कॉलेजात आलाच नाही."

सरांनी मनापासून आठवून पाहिलं. तिच्या चेहऱ्यातही कुणाला तरी शोधलं. शेवटी त्यांनी मान हलवली.

"असे बरेच होते गं," ते म्हणाले.

पुढचं सगळं तिला पाठ होतं. रात्र रात्र जागून जुळवलेली वाक्यं. त्यातलं एकही न वापरता तिने प्रबंध उचलला आणि ती निघाली.

ओळ राहिली. तिला दुसरा वर्ग मिळाला.

बांधून आलेली प्रत घेऊन ती थेट रंगांच्या दुकानात गेली. दादा काउंटरमागे एका गिऱ्हाइकाचा रंग जुळवत होता. पांढऱ्या डब्यात निळ्याचे तीन थेंब, काळ्याचा अर्धा. त्याने फडक्याला हात पुसले आणि बरोबर तक्त्याचंच पान उघडलं. त्याचं बोट ओळीओळीने खाली उतरलं आणि शेवटच्या ओळीवर थांबलं.

"सरांनी स्वतः केला?"

"बाहेरच्या बाईंसमोर. सही आहे बघ."

त्याने बोट सहीवर नेलं आणि पुन्हा आकड्यावर आणलं.

"झाला का हो डबा?" गिऱ्हाइकाने विचारलं.

"माझे चौतीस आले होते," दादा म्हणाला.