दोरावरचा हात

“बाबा, रहाट बंद असतानाही हा दोर का थरथरतो?” मैत्रिणींनी पैज लावली म्हणून बकुळानं लालबागच्या चाळीत सर्वांदेखत विचारून टाकलं. अंगणात पाण्यासाठी बाबा घेत असलेलं बोअरिंग तिचा दादा गेल्यापासून अर्धवट पडलं होतं. दोराला बांधलेली जड छिन्नी रहाटानं उचलून भोकात आपटली की दोरावर तळवा ठेवून दादा सांगायचा, मुरूम लागला, खडक की पाणी. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात त्याला गोळी लागली आणि बाबांचा हात त्या दोराला लागेना. “वारा असेल गो,” ते पुटपुटले. वारा? तुळशीचं पानसुद्धा हलत नव्हतं! बकुळानं दोर धरला. खालून टकटक आली, दादा घरी आल्यावर दार वाजवायचा तश्शीच. मैत्रिणी किंचाळत पळाल्या. आई रडत धावली, “सोड!” पण बकुळानं मूठ सोडली नाही. “आई, रडू नकोस. बाबा, रहाट फिरवा. यापुढे दोर मी धरणार.”