थोरल्यांचं नाव

"नाव घ्या," कचेरीतला कारकून तालाय म्हणाला. "कॅमेऱ्याकडे बघून, मोठ्यानं. एवढंच राहिलंय."

बुरुलनं कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि डोक्याचा रुमाल ओठांवर ओढून घेतला.

कचेरीची खिडकी सताड उघडी होती. पॉप्लरच्या झाडांचा कापूस आत येऊन तरंगत होता, कुणाच्या केसांत अडकत होता, कुणाच्या चहात पडत होता. जूनमध्ये आमच्या गावात अर्धी माणसं शिंकत असतात आणि उरलेली पेंगत असतात. बुरुल रांगेतच दोनदा पेंगली होती. अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांची कूस बदलायला ती वर्षानुवर्षं रात्री-बेरात्री उठली. मार्चमध्ये ते गेले. आता रात्री उठायचं कारण नव्हतं, म्हणून की काय, झोप तिला दिवसाढवळ्या गाठायची.

लोकरीच्या कारखान्यातली नोकरी तिनं त्यांच्यासाठीच सोडली होती. आता दुसरं काम मिळेपर्यंत बेकारभत्ता हवा होता. नवरा आधीच गेलेला; घरात ती आणि शाळेत जाणारी लेक, दोघीच. आणि थंडीचा कोळसा उन्हाळ्यातच भरून ठेवावा लागतो. पण भत्ता मंजूर व्हायचा तर इतकी वर्षं काम का केलं नाही आणि कुणासाठी केलं नाही, हे कॅमेऱ्यासमोर स्वतःच्या तोंडानं, नावासकट सांगायचं. नवा नियम.

"सासऱ्यांसाठी," ती म्हणाली.

"त्यांचं नाव?"

"आमचे थोरले."

तालाय हसला नाही. त्याची आईसुद्धा त्याच्या आजोबांना 'पलीकडच्या घरचे' म्हणायची. सून सासऱ्याचं नाव घेत नाही, जिवंतपणी नाही आणि मेल्यावर तर नाहीच, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. त्यानं कागदावरच्या नावावर बोट ठेवलं. "आपा, असं करू. मी म्हणतो, तुम्ही नुसती मान हलवा."

मान हलवून झाली. कॅमेऱ्याचा लाल दिवा काही जाईना. त्याला मान कळत नव्हती.

"अगं घे की पटकन!" मागून झीपार ओरडली. ती बाजारात घोडीचं दूध विकायची, आणि दुधाची बरणी तिच्या पायाशीच होती. "मेलेला माणूस काय उठून तुझा कान धरणार आहे? इथं माझं दूध नासायची वेळ आली!"

"मग तू घे ना तुझ्या सासऱ्याचं," रांगेतून कुणीतरी म्हणालं.

"माझा जिवंत आहे, बाबा. आणि त्याला फार लांबचं ऐकू येतं."

सगळे हसले. बुरुलही रुमालाआड हसली, आणि हसता हसता तिथून निघूनच गेली. खुर्चीवर होती, पण नव्हती. कापूस संथपणे खाली उतरत होता, आणि तिच्या डोळ्यांपुढे फेब्रुवारीतला बर्फ पडत होता.

थोरले त्या दिवशी टक्क जागे होते. "माझ्याबरोबर मेंढ्या राखणारे सगळे गेले बघ," ते म्हणाले होते. "पूर्वी या डोंगरावरून त्या डोंगरावर मला हाका मारायचे. आता घरात आजोबा, बाहेर बाबा, तुझ्यासाठी थोरला. माझं नाव घेणारं कुणी उरलंच नाही. सूनबाई, एकदा तू घे. जायच्या आधी ऐकू दे."

"काहीतरीच तुमचं, थोरले!" ती म्हणाली होती, आणि लाजून चहा आणायला पळाली होती. परत आली तेव्हा त्यांनी तोंड भिंतीकडे केलं होतं. चहा तसाच गार झाला.

"आपा." तालायनं टेबलावर हळूच टकटक केलं. "आज झालं नाही, तर अर्ज पहिल्यापासून करावा लागेल. मग भत्ता यायला थंडी उजाडेल."

"त्यांनी मागितलं होतं रे," बुरुल म्हणाली. "माझ्याकडे. हात जोडायचेच बाकी ठेवले होते त्यांनी. तेव्हा नाही दिलं मी. आता कोळशासाठी कसं देऊ?"

कॅमेऱ्यावर कापसाचा पुंजका बसला होता, तो तालायनं फुंकर मारून उडवला.

बुरुल उठली. आपला नंबर सोडून चालली, असंच सगळ्यांना वाटलं. पण ती दाराकडे वळली नाही, खिडकीशी जाऊन उभी राहिली. समोर नारिन नदी, आणि नदीपलीकडच्या उतारावर कबरस्तानाचे मातीचे घुमट उन्हात पेंगत होते. तिनं ओठांवरचा रुमाल खाली केला. चौकट घट्ट धरली.

"सुयुनबाय!"

सुनेसारखी नाही, या डोंगरावरून त्या डोंगरावर मारावी तशी तिनं हाक मारली. "सुयुनबाय, ए!"

रांगेतल्या माणसांनी माना खाली घातल्या. एका म्हाताऱ्यानं टोपी काढून छातीशी धरली. पलीकडून अर्थातच कुणी ओ दिली नाही, तरी बुरुल जराशी थांबली, ऐकणाऱ्याला वेळ द्यावा तशी.

मग ती परत येऊन खुर्चीवर बसली.

तालायनं घसा साफ केला. त्याला फार अवघड वाटत होतं. "आपा, कॅमेऱ्यात तुमची नुसती पाठ आली. पुन्हा सांगावं लागेल."

"ते त्यांचं होतं," बुरुल म्हणाली. तिनं ओले गाल रुमालानं टिपले आणि मान वर केली. "आता घे, तुझ्या कॅमेऱ्यासाठी सांगते."