येसूबाईचं तोंड

“तोंड किती उघडतं?” आरोग्य केंद्राच्या डॉक्टर प्रियदर्शिनींनी विचारलं.

“मॅडम, बंद किती होतं ते विचारा,” प्रितेश म्हणाला आणि आपल्याच विनोदावर हसला.

स्टुलावर त्याची आई बसली होती, येसूबाई. डावा गाल पपनसाएवढा. घणसोलीच्या बाजारात ती मासळी विकायची, आणि तिनं हाक दिली की रबाळ्यातली गिऱ्हाइकं पिशव्या शोधायला लागतात, अशी तिची ख्याती. आज मात्र तोंडाशी पदर धरून मुकाट. मागे सून उभी होती, जागृती. सकाळीच शेजारणींनी तिचं अभिनंदन केलं होतं: नशीब काढलंस गो, देवानं चार दिवस सुट्टी दिली.

“दाढ जुनीच हाय,” प्रितेश म्हणाला. “मागच्या टायमाला मेडिकलवाल्यानं कॅप्सूल दिल्या, सूज गेली. त्याच लिहून द्या ना. मला महाप्याला ड्युटी हाय.”

डॉक्टरांनी केसपेपर पुढे ओढला.

“मॅडम,” जागृती म्हणाली, “आईंनी कालपासून मला एक शिवी दिली नाय.”

“मग एन्जॉय कर ना!” प्रितेश म्हणाला.

“सकाळी त्यांच्या डोळ्यांदेखत बांगडा करपवला. मुद्दाम. तरी गप्प.”

प्रितेशचं हसू जागीच विरलं. येसूबाईच्या घरात बांगडा करपणं म्हणजे काय, हे तो लहानपणापासून जाणून होता.

डॉक्टर उठल्या. दातांच्या फटीत बोट घालून पाहिलं. एकही धड जाईना. पदर चिंब होता. तिला थुंकीसुद्धा गिळवत नव्हती.

“हे कॅप्सूलवर भागणार नाही. दाढेतला पू घशाकडे उतरतोय. श्वास अडायच्या आत तो काढायला हवा, आणि दाढही. मोठ्या हॉस्पिटलात, आत्ता. मी फोन करते.”

प्रितेश ड्युटी विसरला.

पू निघाला. दाढ निघाली. दोन दिवसांनी तोंडही उघडलं. तेव्हा प्रितेश सावधपणे खिडकीपाशी सरकला. येसूबाईनं बोटानं सुनेला जवळ बोलावलं. जागृतीनं मन घट्ट केलं, कान पुढे केला.

“जलम गेला माझा वरडन्यात,” सासू हळूच म्हणाली. “आयकत व्हतीस ती तू एकलीच गो.”